बोरूच्या रानातली माणसं

१

उच्-तेरेक शहरात गव्हर्नरसाहेबांच्या हवेलीत सकाळी नऊ ते बारा अर्ज ऐकले जायचे. रयतेचं म्हणणं मी रशियनमध्ये सांगायचं आणि साहेबांचा हुकूम रयतेच्या भाषेत. नोकरी एवढीच. माझं नाव फत्ताह, पण जनरलसाहेब मला फोमा म्हणत. तेवीस वर्षं त्या हाकेला ओ दिल्यावर कधीकधी घरी बायकोने खऱ्या नावाने हाक मारली की मीच क्षणभर थांबायचो.

जनरल प्लातोन अवेर्यानोविच झेगालोव या प्रांतावर आठ वर्षं गव्हर्नर होते. त्याआधी याच डोंगरांत ते तोफा घेऊन फिरले होते. डाव्या कानाने त्यांना काही ऐकू यायचं नाही, म्हणून माझी खुर्ची उजवीकडे. शहरातल्या प्रत्येक रस्त्याच्या कडेला जी झाडं उभी आहेत ती त्यांनी लावून घेतलेली. ज्याने दारासमोर झाड लावलं नाही त्याच्या दारात ते स्वतः घोड्यावर बसून उभे राहत, तो फावडं घेऊन बाहेर येईपर्यंत. देवीची लस टोचणारी माणसं त्यांनी पार हिमरेषेजवळच्या वस्त्यांपर्यंत पाठवली. आणि अर्ज ते स्वतः ऐकत. हाताखालचे अधिकारी म्हणायचे, "हुजूर, आम्ही निवडून देतो." त्यावर साहेबांचं उत्तर ठरलेलं : "तुम्ही गाळलेलं मला नको. मला सगळं ऐकायचंय."

ऑक्टोबरातली सकाळ होती. साहेबांचा जुना कोझाक शिपाई येरोफेय खिडक्यांना दुसरी तावदानं बसवत होता आणि दोन काचांमधल्या फटीत कापूस भरत होता. शेवटचा अर्जदार पाटाच्या पाण्याचं भांडण सांगून, कमरेत वाकून निघून गेला. मी कागद गोळा केले.

साहेब टेबलासमोरच्या गालिच्याकडे पाहत होते.

"आणि हा?" ते म्हणाले.

"कोण, हुजूर?"

"हा. काय म्हणतोय?"

गालिच्यावर कोणी नव्हतं. येरोफेयही कापसाचा बोळा हातात धरून वळला आणि माझ्याकडे बघायला लागला. साहेबांचा उजवा कान थोडा पुढे झाला होता. लांबलचक अर्ज ऐकताना ते असेच बसत.

दुभाष्याला गप्प राहायची सवय नसते. "कुरणाच्या वाटेबद्दल म्हणतोय, हुजूर," माझ्या तोंडून निघून गेलं. "शेजारच्या वस्तीतले लोक अडवतात."

"मग लिहून घे. तिथल्या ठाणेदाराला कळव."

मी लिहून घेतलं. साहेबांनी सही केली. जो माणूस आलाच नव्हता त्याच्या वाटेसाठी हुकूम निघाला, आणि टपालाच्या पिशवीतून गेलासुद्धा.

२

घरी मी स्वतःला समजावलं. साहेबांचं वय चौसष्ट. झोप कमी. नजर अधू झाली की माणसाला पडद्याच्या चुण्यांत चेहरे दिसतात. माझे वडील शेवटच्या वर्षी भिंतीवरच्या घोंगडीशी बोलायचे, त्याचं कोणाला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे अर्जदार गेल्यावर साहेबांनी दौतीचं झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं.

"कालचाच आलाय. काल तू नीट सांगितलं नाहीस, फोमा."

"हुजूर?"

"तू कुरणाचं म्हणालास तेव्हा तो मान हलवत होता. नाही, नाही, अशी." त्यांनी हलवून दाखवली. "आणि मला सांग, याने कमरेचा पट्टा गळ्यात का अडकवलाय?"

माझ्या हातातला टाक कागदावर तसाच टेकून राहिला. शाईचा डाग मोठा होत गेला.

"मला कोणी दिसत नाही, हुजूर," मी म्हणालो. अखेर म्हणालो.

साहेब रागावले नाहीत. "तुला दिसायची गरज नाही," ते म्हणाले. "तू ऐक."

मी ऐकलं. शेगडीतलं लाकूड तडकत होतं. बाहेर येरोफेय कोणालातरी घोडा लांब बांधायला सांगत होता. बाकी काही नाही. मी म्हणालो, "कराबद्दल सांगतोय, हुजूर," आणि त्या दिवशीचंही निभावलं.

पण त्यानंतर मी अर्जदारांच्या पायांकडे बघायला लागलो. दारातून टेबलापर्यंत सरळ दहा पावलं. गालिचा रुंद, मध्ये काही ठेवलेलं नाही. तरी माणसं सरळ येत नव्हती. पाचव्या-सहाव्या पावलाला डावीकडे सरकायची, वळसा घ्यायची, मग पुढे. बाजारात गर्दीतून जाताना आपण सरकतो तशी, न बघता. सगळीच. उंटवाले, मुल्ला, एक आंधळा मेंढपाळसुद्धा.

आठवड्याने एक डोंगरातली बाई आली, दिराविरुद्ध अर्ज घेऊन. त्या जागेपाशी ती थांबली, डोक्यावरचं फडकं सारखं केलं आणि वडीलधाऱ्याला करतात तसं वाकून पुढे आली. काम झाल्यावर मी तिला अंगणात गाठलं.

"बाई, आत तू कोणाला वाकून नमस्कार केलास?"

"त्या बाबांना." ती माझ्याकडे वेड्याकडे बघावं तशी बघत होती. "तुमचाच माणूस ना तो? एवढा म्हातारा आणि उभा ठेवलाय! शहरात कोणाला बसायला सांगायची पद्धत नाही वाटतं?"

तिने घोड्याला टाच मारली. मी किती वेळ तिथे उभा होतो ठाऊक नाही. येरोफेय आला आणि म्हणाला, "काय फत्ताह मिर्झा, नवीन झाडं लावलीयत तशी तुम्हालाही रोवलंय का इथे?"

घरी चहा पिताना बायको म्हणाली, "तुम्ही हल्ली बोलताना मध्येच का सोडता?"

"काय सोडतो?"

"वाक्य. अर्धं बोलता आणि गप्प. मी वाट बघत बसते."

३

त्याच महिन्यात राजधानीहून पत्र आलं होतं. साम्राज्याच्या गव्हर्नरांची चरित्रं छापायची होती. साहेबांनी आपलं पाठवायचं. माझं अक्षर बरं, म्हणून दुपारी तीन ते पाच मी त्यांच्या अभ्यासिकेत बसून ते सांगतील तसं वहीत उतरवून घ्यायचो.

त्या दुपारी चांगल्या होत्या. बाईसाहेब, म्हणजे त्यांच्या पत्नी अग्रिपिना दानिलोव्ना, स्वतः जॅम घालून चहा आणून द्यायच्या आणि दाराशी थांबून नवऱ्याला दुरुस्त करायच्या. साहेब सांगायचे : तोफखान्यातला गरीब बाप, लष्करी शाळेतले गारठलेले दिवस, एकच कोट तीन भावांत.

"तीन नाही, दोन," बाईसाहेब म्हणायच्या. "तिसरा तेव्हा जन्मला नव्हता."

"तू तरी कुठे जन्मली होतीस?"

मग पहिली लढाई, गवताळ मैदानातली सहा वर्षं, तंबू, ताप, उंटांच्या मागे ओढलेल्या तोफा. पुढे बोज्-सू नदी आली आणि साहेब थांबले. चार दिवस ते मला बोलवायचे, मी वही उघडायचो, ते खिडकीबाहेर बघायचे आणि पाच वाजायचे.

पाचव्या दिवशी म्हणाले, "लिही. बोज्-सूच्या काठी शत्रूचा म्होरक्या बोलणी करायला आला. त्याने शरण यायला नकार दिला. पलीकडच्या तीरावर बोरूच्या उंच, दाट रानात माणसं दडून बसल्याची खबर दुभाष्याकडून मिळाली."

'दुभाष्याकडून' म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी लिहिलं.

"त्यावरून तोफा बोरूकडे वळवण्यात आल्या. दुपारपर्यंत प्रतिकार संपला. आपल्या बाजूचं कोणी कामी आलं नाही."

मी तेही लिहिलं. माझं अक्षर कुठेही हललं नाही. ते पान अजून माझ्याकडे आहे.

जे झालं ते असं. मी एकवीस वर्षांचा होतो, नोकरीला तीन आठवडे झाले होते. डोंगरातली बोली येते असं मी सांगितलं होतं आणि ती मला खरंच येत होती. नदीच्या अलीकडे आमच्या तोफा, आणि पाण्यातून चालत एक म्हातारा आला. एकटा. हातात काही नाही, कमरेचा पट्टा काढून गळ्यात अडकवलेला. त्या लोकांत त्याचा अर्थ एकच : आम्ही तुमचे झालो, हवं तर याच पट्ट्याने ओढून न्या. तो धापा टाकत होता. त्याचं म्हणणं लहानसं होतं. "बोरूत माणसं आहेत, आमच्या बायका आणि पोरं, तोफा तिकडे वळवू नका."

साहेब तेव्हा कर्नल होते. त्यांनी विचारलं, "बोरूत माणसं आहेत का?"

मी म्हणालो, "हो. बोरूत माणसं आहेत," आणि पुढचं बोलायला तोंड उघडलं. कर्नलांनी हात वर केला. मी थांबलो.

बस. मला कोणी मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. एक हात वर झाला आणि मी थांबलो. तोफा वळवून डागायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात ते उरलेलं बोलणं दहा वेळा बोलून झालं असतं. म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला रशियन येत नव्हतं, पण आपण जेवढं बोललो त्यापेक्षा मी कमी बोललो हे त्याला कळलं होतं. पहिला गोळा उडाल्यावर तो वळला आणि पाण्यात शिरला, पलीकडे जाण्यासाठी.

यावर साहेब आणि मी तेवीस वर्षांत एक शब्द बोललो नव्हतो.

४

नोव्हेंबरात पहिला मोठा बर्फ पडला आणि घाट बंद झाले. त्या सकाळी नऊ वाजता बाहेरच्या, अर्जदारांच्या खोलीतला बाक रिकामा होता. मी आत जाऊन म्हणालो, "आज कोणी नाही, हुजूर."

"आहे," साहेब म्हणाले. "बस."

मी बसलो. बर्फाचा उजेड खिडकीतून थेट छतावर पडला होता. खोलीचा एकही कोपरा अंधारात नव्हता. दोन काचांमध्ये कापूस असल्यामुळे बाहेरचा आवाज येत नव्हता, आणि म्हणूनच आतला ऐकू आला. आधी चामडं करकरल्याचा. मग श्वास. पाण्यातून घाईने चालून आलेल्या माणसाचा, छातीत अडकून येणारा श्वास. तो साहेबांचा नव्हता. साहेब श्वास रोखून बसले होते. माझाही नव्हता. मी स्वतःच्या तोंडावर हात ठेवून पाहिला.

मग बोलणं. हलक्या आवाजात, त्या वरच्या खोऱ्यातल्या बोलीत. त्या बोलीत शब्दांचं शेपूट किंचित ओढतात.

"काय म्हणतोय?" साहेबांनी विचारलं.

"हुजूर, मला..."

"फोमा, काय म्हणतोय?"

मी उभा राहिलो. बसून सांगता आलं नसतं. "म्हणतोय की, बोरूत माणसं आहेत." या वेळी मी थांबलो नाही. "आमच्या बायका आणि पोरं. तोफा तिकडे वळवू नका."

शेगडीत एक ओंडका खाली बसला. मी वाट बघत होतो की साहेब ओरडतील, बडतर्फ करतील, कदाचित भिंतीवरचं पिस्तूल उचलतील. मला त्यातलं काहीही चाललं असतं.

साहेब थकलेल्या आवाजात म्हणाले, "सहा वर्षं मी त्या मैदानात काढली होती. गळ्यातल्या पट्ट्याचा अर्थ मला माहीत नसेल असं तुला वाटलं?"



"तू पुढे बोलणार हे मला दिसलं. म्हणून हात वर केला. आदल्याच दिवशी वरून हुकूम आला होता, खोरं संध्याकाळपर्यंत मोकळं हवं. आणि तू थांबलास, फत्ताह. मला इतकं बरं वाटलं! वाटलं, चला, आता हे दोघांचं झालं."

तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझं नाव घेतलं, आणि ते बिनचूक घेतलं.

मला वाटलं, आता हे संपलं. बोलायचं ते बोलून झालं, त्यांनीही आणि मीही. म्हाताऱ्याला हवं ते मिळालं, आता तो जाईल. लोक असंच सांगतात ना, राहिलेलं बोलून टाकलं की सुटका होते.

श्वास तिथेच होता. साहेबांनी पुन्हा उजवा कान पुढे केला.

"आता काय म्हणतोय?"

मी ऐकलं. ते अगदी साधं वाक्य होतं. रोज येरोफेय जे बोलतो तेच.

"म्हणतोय," मी सांगितलं, "बाकीचे बाहेर बसलेत."

साहेबांनी कॉलरचा आकडा लावला. छातीवरचा पांढरा क्रॉस, बोज्-सूनंतर मिळालेला, काढून टेबलाच्या खणात ठेवला. मग दोन्ही हात टेबलावर पसरून म्हणाले, "दार उघड. एकेकाला आत घे. सगळ्यांचं ऐकू."

मी दारापाशी गेलो. गालिच्यावर मीही वळसा घेतला हे नंतर लक्षात आलं. दार आत उघडणारं होतं. मी ते हातभर ओढलं.

बाक माझ्यासमोर होता. बाकाच्या कडेवरून दोन लहान पाय लोंबत होते. जमिनीला पोचत नव्हते. कंटाळलेली पोरं हलवतात तसे ते पुढेमागे हलत होते, एक पाय थोडा उशिरा. त्या पायांच्या शेजारी एका घागऱ्याची कड होती, तिच्या शेजारी दुसरी, आणि भिंतीला टेकून, जमिनीवर, पार अंगणाच्या दारापर्यंत. मी गुडघ्यांच्या वर पाहिलं नाही. तिथे इतकी माणसं होती आणि कोणी खोकत नव्हतं.

मी दार तसंच टाकलं. अभ्यासिकेतून, स्वयंपाकघरातून, मागच्या पायऱ्या उतरून, डोक्यावर टोपी नसताना मी बर्फात पळालो. मागून साहेबांचा आवाज ऐकू आला, शांत, नेहमीचा : "या. पुढे या. घाबरू नका."

५

दुपारी येरोफेय घरी आला. तो माणूस कधी चेष्टेशिवाय बोलत नसे. आज दारातच म्हणाला, "फत्ताह मिर्झा, चला. साहेब बोलताहेत पण कोणाला काही कळत नाही."

अर्जदारांची खोली रिकामी होती. जमीन कोरडी, बाक पुसलेला. आत साहेब टेबलामागे खुर्चीत बसले होते. पाठ ताठ, हात टेबलावर. शेजारी लष्करी डॉक्टर आणि बाईसाहेब.

"मेंदूला झटका बसलाय," डॉक्टर म्हणाले. "अशा वेळी माणूस काहीबाही बरळतो. अर्थ लावत बसू नका."

साहेब बरळत नव्हते. ते डोंगरातली बोली बोलत होते. तेवीस वर्षांत 'बस', 'ऊठ' आणि 'पाणी' यापलीकडे ज्या बोलीतला शब्द त्यांच्या तोंडी आला नव्हता, त्या बोलीत ते संथपणे, शब्दांची शेपटं ओढत बोलत होते. उजवा कान पुढे करून ते थोडा वेळ ऐकायचे, समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहून मान डोलवायचे, मग बोलायचे. मग पुन्हा ऐकायचे.

"तोक्तोबुबू. तीस वर्षांची. तिचा बेक्तेन, चार. दिल्दे, तिची सासू, वय ठाऊक नाही."

"काय म्हणताहेत?" बाईसाहेबांनी माझी बाही धरली. "माझ्यासाठी काही म्हणताहेत का?"

देवाची प्रार्थना करताहेत असं मी सांगू शकलो असतो. त्यांना ते पटलंही असतं.

"नावं सांगताहेत, बाईसाहेब."

"कुणाची?"

मी सांगितलं. ओल्या बुटांनी गालिच्यावर उभा राहून, डॉक्टरांसमोर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यांचा हात वर झाला होता हे सांगितलं, आणि मी थांबलो होतो हेही. डॉक्टर मध्येच उठून खिडकीकडे गेले आणि पाठ करून उभे राहिले. बाईसाहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, पण त्यांनी बाही सोडली नाही.

"मला वाटायचं लढाई होती," त्या म्हणाल्या. "त्या क्रॉसला मी दर शनिवारी पूड लावून चकाकी आणायचे, फत्ताह मिर्झा. दर शनिवारी." मग टेबलाकडे बोट केलं. "बसा. लिहून घ्या."

"कशात, बाईसाहेब?"

"त्यांच्याच चरित्रात. पुढची पानं कोरीच आहेत ना?"

मी चार दिवस लिहीत होतो. येरोफेय साहेबांना चमच्याने रस्सा पाजायचा, ते गिळायचे आणि पुढचं नाव सांगायचे. काही नावांना वय होतं, काहींना नव्हतं. कधी एखाद्या नावाशी ते बराच वेळ थांबायचे, आणि समोर कोणी चिमुकलं बोलत असावं तसे टेबलावर ओणवे व्हायचे. मला त्या चार दिवसांत कुठलाही आवाज आला नाही. श्वास नाही, चामडं नाही. माझं काम त्यांनी घेतलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी एकशे सदतिसावं नाव सांगितलं, "उमसुनाय", आणि दाराकडे पाहत राहिले. शेवटचा अर्जदार जाताना ते असेच पाहत. मग डोळे मिटले आणि बसल्या जागी गेले.

तोफांची सलामी झाली. वर्तमानपत्रात झाडांबद्दल आणि देवीच्या लशीबद्दल लिहून आलं, ते सगळं खरंच होतं. राजधानीला बाईसाहेबांनी त्यांच्या नोकरीच्या तारखा तेवढ्या पाठवल्या. वही त्यांनी दोऱ्याने बांधून माझ्या हातात दिली.

"मी येणार होते तुमच्याबरोबर," त्या म्हणाल्या. "पण त्या लोकांसमोर मी कुठलं तोंड घेऊन जाऊ? तुम्हाला तर जावंच लागेल."

६

मेमध्ये घाट उघडले. बोज्-सूच्या वर, कुरणाच्या कडेला, त्या लोकांचे पंधरा-वीस तंबू होते. खाली नदी, आणि पलीकडच्या तीरावर बोरू पुन्हा माणसाच्या दीडपट उंच झालेला.

मी कोण ते सांगितल्यावर कोणी पाहुण्याला देतात तो घोडीच्या दुधाचा वाडगा पुढे केला नाही. वस्तीचा प्रमुख केल्दिबेक, माझ्याच वयाचा, हात मागे बांधून उभा राहिला.

"दुभाष्या ना तू?" तो म्हणाला. "मग आज कोणाचं बोलणं आणलंस? आणि किती आणलंस, सगळं की तुझ्या सोयीपुरतं?"

"सगळं," मी म्हणालो.

"बघू."

मी उभ्यानेच वही उघडली आणि वाचायला लागलो. पहिल्या नावाला कोणी हललं नाही. दुसऱ्याला मागून एक पुरुष म्हणाला, "होता." तिसऱ्याला दोन आवाज, "होती." मग ते चालूच राहिलं. मी नाव वाचायचो आणि गर्दीतून कोणीतरी म्हणायचं, होता, होती. एका नावापाशी केल्दिबेक स्वतः म्हणाला, "होती," आणि त्याचा आवाज फुटला. तो माझ्या पायांकडे बघत राहिला, पण मला थांबवलं नाही. ऊन कलायला लागलं तरी कोणी उठलं नाही. कुठून आणली ही नावं असं कोणी विचारलंही नाही.

"उमसुनाय," मी वाचलं.

कोणी बोललं नाही.

मी पुन्हा वाचलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. केल्दिबेकने मान हलवली. "या नावाची आमच्यात कोणी नव्हती. तुझं चुकलंय."

कडेला एका तंबूच्या दारात एक बाई लोकर कातत बसली होती. चाळिशी उलटलेली, केस पांढरे झालेले. तिचं नाव काल्चा. इतका वेळ तिने हातातली चाती थांबवली नव्हती आणि कुठल्याच नावाला उत्तर दिलं नव्हतं. आता चाती थांबली.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.

"उमसुनाय."

"ती माझी असेल." ती कोणाकडे बघून बोलत नव्हती. "त्या सकाळी बोरूतच झाली. सासूने नाळ कापली आणि म्हणाली, नाव मागाहून ठेवू, आधी हे निस्तरू दे. मग ते राहूनच गेलं." तिने माझ्याकडे पाहिलं. "तिचं नाव कुणी ठेवलं?"

 वहीतल्या त्या नावावर मी बोट ठेवलं.

तिने ते नाव स्वतःशी दोनदा म्हणून पाहिलं, नवा पदार्थ चाखावा तसं. मग उठली, तंबूच्या पुढे आली आणि नदीकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली. एकदाच.

वारा नव्हता. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो, नदीकडे बघायचं धैर्य कोणाला झालं नाही. तिची नजर आधी लांब होती, पाण्यापलीकडे. मग ती हळूहळू अलीकडे यायला लागली, नदीच्या या तीरावर, मग चढावर, मग कुरणात. कोणीतरी काही उराशी धरून, जपून पावलं टाकत वर येत असावं तशी. माझ्या खांद्याजवळून ती नजर पुढे सरकली तेव्हा केल्दिबेकने टोपी काढली.

मग तिने दोन्ही हात पुढे केले, आणि क्षणभराने ते हात, वजन पडावं तसे, किंचित खाली गेले.